वायपर का अडतो? काच पुसण्याच्या शंभर वर्षांची गोष्ट

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातलं भीमेकाठचं गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. इथे पावसाचे दिवस थोडे, उन्हाचे फार. गाडीचा वायपर महिनोन् महिने तापलेल्या काचेवर नुसता पडून असतो. ऊन आणि हवेतला ओझोन यांमुळे त्याचं रबर कडक होतं, सांध्यांतलं ग्रीस सुकतं. मग अशी जुनी गाडी जुलैत बोरघाट उतरू लागली, की ऐन वळणावर समोरचं दिसेनासं होतं. हा बिघाड शोधताना वायपरचा इतिहास चांगला उपयोगी पडतो.

१९०२-०३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या होत्या. काचेवरचा बर्फ पुसण्यासाठी ट्रामचालकाला खिडकी उघडावी लागते, हे त्यांनी पाहिलं. आतून हाताने फिरवायची दांडी, बाहेर रबराची पट्टी आणि ती काचेवर दाबून धरणारी योजना, असं त्यांचं यंत्र होतं. १९०३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पण एकाही कंपनीने ते विकत घेतलं नाही. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. पट्टी काचेवर नीट दाबलेली हवी, हे तत्त्व मात्र आजही तेच आहे. काचेवर पाण्याच्या रेघा राहिल्या तर आधी रबर आणि दांडीची स्प्रिंग पाहायची, ती यासाठीच.

हात मोकळा ठेवायचा तर शक्ती कुठून आणायची? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक गाड्यांनी ती इंजिनाच्या शोषणातून घेतली. जुन्या विलिस जीपमध्येही असा वायपर असे. पिस्टन हवा आत ओढतो तेव्हा इंजिनाच्या हवानळीत दाब कमी होतो. त्यावर वायपर हलतो. पण चढावर चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, झडप पूर्ण उघडते, नळीतला दाब बाहेरच्या हवेइतका होऊ लागतो आणि वायपर मंदावतो. म्हणजे घाट चढताना, जिथे गरज जास्त, तिथेच तो दगा देई! नळीला चीर पडली तरी हाच परिणाम होतो.

विजेच्या मोटरने ही अडचण दूर केली. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने बनवलेल्या फियाट आणि पद्मिनी या गाड्यांत असा वायपर होता. (पुढे फियाटचा कारखाना शिरूर तालुक्यातच, रांजणगावला आला.) मोटर गोल फिरते, वायपर मात्र मागे-पुढे जायला हवा. म्हणून वर्म गिअरने वेग कमी करायचा आणि क्रँक व जोडदांड्यांनी गती बदलायची. आता बिघाडाच्या जागाही वाढल्या. मोटरचा आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग स्विच आणि अर्थिंग तपासावं. आवाज येतो पण दांडी हलत नाही, तर दांडीच्या मुळाचे दाते झिजले असतील किंवा जोडदांडा निसटला असेल. बंद केल्यावर वायपर मधेच थांबतो, तर त्याला खाली नेऊन थांबवणारा मोटरमधला संपर्क खराब झालेला असतो. हालचाल मंद असेल, तर नवी मोटर घेण्याआधी सुकलेलं ग्रीस काढून पाहावं.

रिमझिम पावसात सतत फिरणारा वायपर कोरडी काच घासतो. यावर उपाय शोधला रॉबर्ट कर्न्स या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने. डोळ्याच्या पापणीसारखा, थांबून थांबून चालणारा वायपर त्याने बनवला; थांबण्याचा वेळ कपॅसिटर भरायला लागणाऱ्या वेळावर ठरे. १९६७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९६९ पासून फोर्डच्या गाड्यांत असे वायपर येऊ लागले, आणि १९७८ मध्ये त्याने फोर्डवर दावा लावला. सुटे भाग तर आधीचेच आहेत, त्यात नवं काय, हा वादाचा मुद्दा होता. पेटंटचा भंग झाल्याचं ज्यूरीने मान्य केल्यावर १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली. जुन्या भागांची नवी जुळणी हाही शोध असतो, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

वर्गात यातल्या दोन गोष्टी सहज करता येतील. सुई काढलेल्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढा, मग तोंड उघडं ठेवून ओढा. चढावर वायपर का अडे ते कळेल. पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून क्रँक करा. गोल गतीतून मागे-पुढे गती मिळेल. आणि गावातल्या गॅरेजवाल्यांना एक तास वर्गात बोलवा. बिघाड कुठल्या क्रमाने शोधायचा, हे ते सर्वांत छान सांगतील.