सेंटरिंगविना छत : फळी-तुळई पद्धत आणि किनाऱ्यावरील घरे

आरसीसी स्लॅब टाकायचा म्हणजे त्याआधी सेंटरिंग उभारणे आले. प्लेटा आणि टेकू यांचे भाडे, सुतारांची मजुरी, शिवाय काँक्रीटला बळ येईपर्यंत टेकूंनी अडलेली खोली, असा हा खर्च असतो आणि काम संपल्यावर त्यातले काहीच घरात उरत नाही. लहान घरांचा हा खर्च वाचावा यासाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने पूर्वनिर्मित, म्हणजे जमिनीवर आधी ओतून तयार केलेल्या घटकांची छते विकसित केली. त्यांपैकी सर्वांत साधी पद्धत फळ्या आणि तुळया यांची. भारतीय मानक ब्युरोने १९९४ साली तिच्यासाठी आयएस १३९९० आणि आयएस १३९९४ ही दोन मानके काढली. पहिले घटकांविषयी, तर दुसरे आराखडा आणि बांधकामाविषयी आहे.

या पद्धतीत खोलीच्या आखूड बाजूने दर दीड मीटरवर एक तुळई बसवतात. १५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच उंचीची ही तुळई तीन मीटर लांब असेल, तर तिचे वजन साधारण १७० किलो भरते. ती चढवण्यास क्रेनची गरज नसते; चेन-पुली किंवा दोरखंड आणि पाच-सहा माणसे पुरतात. दोन तुळयांच्या मधल्या गाळ्यावर ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळ्या एकमेकींना लावून मांडतात. फळीचे वजन ५० किलोच्या आसपास असल्याने दोघे गडी ती उचलतात. तीन मीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब खोलीला याप्रमाणे दोन तुळया आणि तीस फळ्या लागतात.

फळीचा आकार नीट पाहण्याजोगा आहे. मध्यभागी ती ६० मिलीमीटर जाड असते, दोन्ही टोकांकडे मात्र ३० मिलीमीटरपर्यंत पातळ होत जाते. त्यामुळे तुळईच्या माथ्यावर दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये एक खळगा तयार होतो. तुळईतून वर आलेल्या रिंगा या खळग्यात असतात. तेथे सळया बांधून जागेवर काँक्रीट ओतले, की तुळई आणि छत मिळून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एकसंध तुळई होते आणि तिची ताकद वाढते. ते काँक्रीट पक्के होईपर्यंत लांब तुळयांना मध्यावर एखादा टेकू देणे इष्ट. घाईत हे जागेवरचे काँक्रीट कच्चे राहिले किंवा त्यातील सळया गाळल्या, तर छत म्हणजे नुसत्या मांडून ठेवलेल्या फळ्या ठरते. भूकंपात अशा सुट्या घटकांना धरून ठेवणारे काहीच नसते.

इंदूर किंवा हैदराबादसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरांत हे गणित सरळ आहे. गोव्यात ते तसेच्या तसे लागू होत नाही, आणि त्याचे कारण त्या ३० मिलीमीटरमध्ये आहे. काँक्रीटमधील सळईला गंज लागू नये म्हणून तिच्यावर काँक्रीटचे ठरावीक आच्छादन लागते. बांधकामावर त्यालाच कव्हर म्हणतात. आयएस ४५६ : २००० या मानकात इमारतीच्या परिसरानुसार कव्हर ठरवून दिले आहे. हवामानापासून सुरक्षित काँक्रीटला ‘सौम्य’ परिसर धरून २० मिलीमीटर कव्हर चालते. मात्र या सवलतीतून किनारी भाग वगळलेला आहे. तेथे खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेले काँक्रीटही ‘मध्यम’ गणले जाते. त्याला ३० मिलीमीटर कव्हर आणि किमान एम-२५ दर्जाचे काँक्रीट लागते. किनारी हवेला उघडे असेल तर ४५ मिलीमीटर आणि एम-३०.

ज्या फळीची टोके मुळात ३० मिलीमीटर जाड, तिच्यात सळईखाली ३० मिलीमीटर कव्हर बसणार कसे? वरून कितीही जाड थर दिला तरी खालच्या बाजूचे कव्हर वाढत नाही, आणि खारा दमटपणा तर खोलीतून वर येतो. गंजताना लोखंड फुगते, सळईच्या रेषेने तडा जातो आणि खालचा पापुद्रा सुटतो. म्हणून कळंगुट किंवा काणकोणच्या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने प्रमाणित मापाची फळी तशीच न वापरता संरचना अभियंत्याकडून अधिक जाड फळीचा आराखडा करून घ्यावा. फळी जड होईल, ती उचलायला दोनाऐवजी चार माणसे लागतील. पण तो सौदा महाग नव्हे. फळ्या ओतताना खाडीची वाळू किंवा मचूळ पाणी वापरणे तर उघड धोका. प्रबलित काँक्रीटमध्ये एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड असू नये, अशी याच मानकाची मर्यादा आहे.

दुसरी अडचण पावसाची. वरील उदाहरणातील एका खोलीच्या छताला तीस फळ्यांमधील सांधे आहेत. ते मसाल्याने भरल्यावरही वर वॉटरप्रूफिंग आणि पाणी वाहून जाईल एवढा उतार हवाच. गोव्यात सपाट स्लॅबवर पत्र्याचे छप्पर घालण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती दिसायला फारशी देखणी नसली तरी अशा छतासाठी उपयुक्तच आहे. चिऱ्याच्या भिंतीवर तुळई थेट टेकवू नये; भार पसरावा म्हणून भिंतीच्या माथ्यावर सलग आरसीसी पट्टा घालावा.

विजेच्या नळ्या आणि पंख्याचे हूक जागेवरचे काँक्रीट ओतण्यापूर्वीच तुळईवरील खळग्यात बसवून घ्यावे लागतात. नंतर पंख्यासाठी फळीच्या पातळ टोकाला ड्रिल लावणे म्हणजे सळई उघडी पाडणे होय. पंख्यांच्या आणि दिव्यांच्या जागा त्यामुळे फळ्या मांडण्याच्या आधी नकाशावर ठरलेल्या असाव्यात.