रम्फर्डची वाऱ्याची भट्टी

इंग्रज गृहस्थाच्या घरीं रविवारचें मुख्य पक्वान्न म्हणजे भाजलेलें मांस. अठराव्या शतकाच्या अखेरीस तें उघड्या विस्तवासमोर, सळईवर फिरवून भाजीत. कोळशाची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशांत जाई, आणि समोर उभ्या असलेल्या स्वयंपाक्याचें तोंडही मांसाबरोबर भाजून निघे. तरीही बंद भट्टींत झालेल्या मांसाला ‘भाजलेलें’ म्हणावयास इंग्रज तयार नसे. त्याच्या भाषेंत क्रियापदें दोन. एक विस्तवासमोरच्या मांसाचें, दुसरें भट्टींतल्या पावाचें. मराठींत वांगें निखाऱ्यावर भाजतात आणि पावही भट्टींत भाजतात, म्हणून मराठी माणसास हा वाद पोरकट वाटेल. पण इंग्लंडांत त्यांत राष्ट्राचा अभिमान गुंतला होता.

हा अभिमान डिवचणारा मनुष्य जन्मानें अमेरिकन. बेंजामिन थॉम्प्सन १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथें जन्मला. क्रांतीच्या वेळीं त्यानें राजाचा पक्ष धरला, इंग्रज सेनापतीस गुप्त बातम्या पुरविल्या, आणि १७७६ मध्यें बायको व लहान मुलगी यांस मागें टाकून इंग्लंड गाठलें. गौरवावें असें यांत कांहीं नाहीं. पुढें तो बव्हेरियाच्या अधिपतीच्या चाकरींत शिरला व तेथेंच काउंट रम्फर्ड झाला. १ जानेवारी १७९० रोजीं म्यूनिकमधील भिकाऱ्यांस पकडवून त्यानें उद्योगगृहांत कामास लाविलें. थोड्या सर्पणांत पुष्कळांचें अन्न कसें शिजवावें, हा प्रश्न तेथें त्याच्यापुढें उभा राहिला.

बटाटे वाळविण्यासाठीं त्यानें एक यंत्र केलें होतें. त्यांत मांस भाजतां येईल काय हें पाहण्यासाठीं त्यानें मेंढीचा खांदा आंत ठेवला. तीन तास झाले तरी मांस शिजण्याचें लक्षण दिसेना. तेव्हां स्वारी चिडून घरीं गेली. स्वयंपाकिणींनीं तें मांस रात्रभर यंत्रांतच राहूं दिलें. सकाळीं शिजवावयास काढतात तों तें उत्तम शिजलेलें, आणि चवीला अप्रतिम! मंद आंचेचें मर्म असें अपघातानें हातीं लागलें.

पण भाजलेल्या मांसावर तांबूस, खमंग पापुद्रा हवा. पदार्थाचा पृष्ठभाग ओला आहे तोंवर त्याचें तपमान उकळत्या पाण्याच्या फारसें वर जात नाहीं. शिवाय बंद भट्टींत त्याची वाफ त्यालाच वेढून राहते. रम्फर्डनें योजिलेला उपाय साधा. पत्र्याचें आडवें नळकांडें विटांच्या चुलीवर बसविलें. खालून, विस्तवांतून जाणाऱ्या दोन लोखंडी नळ्या मागल्या बाजूस त्यांत उघडत. वर वाफ जाण्यास झडपेची वाट. मांस जाळीवर, जाळीखालीं चरबी गळण्याचें तबक, आणि चरबी जळून धूर होऊं नये म्हणून तबकाखालीं पाणी. मांस होत आलें कीं विस्तव फुलवावयाचा, नळ्यांचीं तोंडें व झडप उघडावयाची. लगेच तापलेल्या कोरड्या हवेचा झोत मांसावरून वाहे, वाफ उडवून नेई, आणि पाहतां पाहतां रंग चढे. पंखा नाहीं, भाता नाहीं; तापलेली हवा वर चढते, एवढ्यावर सारें चाले.

एकाच मेंढीच्या सारख्या वजनाच्या दोन तंगड्या त्यानें एकाच दिवशीं, एक सळईवर व दुसरी या भट्टींत, भाजविल्या. भट्टींतली सुमारें शेंकडा ६ वजनानें भारी भरली. गरिबाच्या घरीं हा फरक लहान नव्हे.

अशा वाहत्या उष्णतेला ‘कन्व्हेक्शन’ हें नांव विल्यम प्राउट यानें १८३४ मध्यें दिलें. तोंपर्यंत रम्फर्डला जाऊन वीस वर्षें झालीं होतीं. घराघरांत पसरल्या त्या बिडाच्या बंद चुली. तसल्या एका चुलीचें पेटंट एक्सेटरच्या जॉर्ज बॉडलीनें १८०२ सालींच घेतलें होतें. भट्टींत पंखा आला तो विसाव्या शतकांत. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंत मॅक्सन यानें विमानांतील गोठविलेलें जेवण गरम करण्यासाठीं पंख्याची भट्टी केली. आज घरोघरच्या विजेच्या भट्टींत तोच पंखा फिरतो, आणि हवा हलती असल्यामुळें पाककृतींतल्या तपमानापेक्षां साधारण २० अंश कमी ठेवले तरी काम भागतें. गंमत अशी कीं, आतां इंग्रजही भट्टींतल्या मांसाला बिनदिक्कत ‘भाजलेलें’ म्हणतो.

युद्धानंतर रम्फर्ड अमेरिकेंत राहावयास परतला नाहीं. पॅरिसजवळ ओतेय येथें १८१४ मध्यें तो वारला. पण ज्या न्यू इंग्लंडमधून त्याला पळावें लागलें, तेथेंच, न्यू हॅम्पशरमधील पोर्टस्मथ गांवीं १८०७ सालीं बांधलेल्या रंडलेट यांच्या घरांत, त्याची भट्टी विटांच्या बांधकामांत बसविलेली आजही पाहावयास मिळते.