भार न देता भाराची परीक्षा : पोतिये यांचा त्रिकोण

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जनित्रे प्रचंड होऊ लागली, तसा अभियंत्यांपुढे एक पेच उभा राहिला. कारखान्यातच पूर्ण भाराची चाचणी घ्यायची, तर तेवढे बलवान इंजिन आणि तेवढी वीज खर्चणारी यंत्रणा आणायची कोठून? आणि चाचणीवाचून, भार येताच व्होल्टेज किती घसरेल, याची हमी ग्राहकाला द्यायची कशी?

२/ पेचाच्या मुळाशी होता लोखंडाचा स्वभाव. क्षेत्रप्रवाह वाढवला की चुंबकत्व आरंभी त्याच प्रमाणात वाढते. पुढे मात्र लोखंड तृप्त होऊ लागते. हीच चुंबकीय संपृक्तता. १८७९ मध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी डायनामोचे वर्तन प्रथम वक्ररेषेने दाखवले.

३/ प्रत्यावर्ती जनित्रांसाठी दोन स्वस्त चाचण्या रूढ झाल्या. एकीत टर्मिनले मोकळी ठेवून व्होल्टेज मोजायचे. दुसरीत ती परस्परांना जोडून प्रवाह मोजायचा. दोन्हींत इंजिनाला केवळ यंत्राचा ऱ्हास भरून काढावा लागे. या दोहोंच्या आधारे बेन-एशेनबुर्ग यांनी जनित्राचा सारा अंतर्गत अडथळा एकाच राशीत बसवला.

४/ गोम अशी की, शॉर्टसर्किट चाचणीत लोखंड संपृक्ततेच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे घसरण प्रत्यक्षाहून अधिक भासे. रोथर्ट यांची पद्धत उलट, ती कमी दाखवी. पहिलीवर विसंबले तर यंत्र विनाकारण अवजड आणि महाग. दुसरीवर विसंबले तर भार वाढताच दिवे मंद.

५/ १९०० मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड पोतिये यांनी ही गाठ सोडवली. घसरणीची कारणे दोन : गळणारे चुंबकीय प्रवाह आणि आर्मेचरची चुंबकीय प्रतिक्रिया. ती वेगळी करण्यासाठी त्यांनी शून्य शक्तिगुणकाच्या चाचणीचा आधार घेतला. भार केवळ प्रेरक असल्याने आर्मेचरमधून पूर्ण प्रवाह वाहतो, व्होल्टेज पूर्ण असल्याने लोखंडही संपृक्त होते; खरी शक्ती मात्र जवळजवळ खर्चच होत नाही!

६/ या चाचणीची वक्ररेषा म्हणजे मोकळ्या जनित्राचीच रेषा, एका ठरावीक त्रिकोणाने सरकलेली. त्रिकोणाची उभी बाजू गळतीची, आडवी प्रतिक्रियेची.

७/ ही पद्धतही निर्दोष नव्हती. भाराखाली ध्रुवांमधील गळती वाढते, म्हणून पोतिये यांचे मूल्य खऱ्या गळतीपेक्षा काहीसे जास्त येते. तरीही घसरणीचा अंदाज वास्तवाच्या पुष्कळ जवळ आला. आज गणिताचे काम संगणक करतात. पण सिंक्रोनस जनित्रांच्या चाचण्यांसाठीच्या आयईईई ११५ या मानकात पोतिये यांचे नाव अद्याप टिकून आहे.