बापूकुटी : आधी राहणे, मग रचना

नागपूरहून सेवाग्रामला गेलेला प्रवासी बापूकुटीसमोर उभा राहतो, तेव्हा ती त्याला एखाद्या तत्त्वाचा मूर्त आराखडा भासते. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, जमिनीवरची बैठक, सारे जणू आधीच योजलेले. इतिहास पाहिला तर या घराची जडणघडण बरीचशी अडचणींनी केली आहे, असे दिसते.

१९३० साली साबरमती सोडल्यावर गांधीजींना स्वतःचे असे घर उरले नव्हते. वर्ध्याला मगनवाडीत काही काळ काढून ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावी आले. जमीन जमनालाल बजाज यांची होती. घर स्थानिक साहित्यातून आणि १०० रुपयांच्या आत व्हावे, ही गांधीजींची अट. त्यातून ‘आदिनिवास’ उभा राहिला. खेड्यात एकटे राहावे हा मूळ संकल्प. प्रत्यक्षात कस्तुरबा, सहकारी, पाहुणे आणि आजारी माणसे त्याच छपराखाली नांदू लागली. निवांतपणा असा उरलाच नाही.

तेव्हा उपाय सापडला तो तयार झोपडीचा. मीराबहेन यांच्यासाठी बांधलेल्या कुटीत गांधीजी राहावयास गेले आणि तीच पुढे ‘बापूकुटी’ झाली. गरजेनुसार तिच्यात भर पडली : स्नानगृह, रुग्णासाठी खोली. भिंतीवर मातीतून उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा मात्र मीराबहेन यांच्या हातचे. घराची पहिली मालकीण भिंतीवर अशी राहून गेली आहे.

भोवतालची वस्तीही याच रीतीने वाढली. महादेवभाई देसाई मगनवाडीहून उन्हातान्हात पायी ये-जा करीत. पुढे त्यांच्यासाठी कुटी झाली. कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्री आश्रयाला आले, त्यांच्यासाठी आणखी एक झाली. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी दूरध्वनी आला, तर त्यालाही कोपरा काढून द्यावा लागला. गावाचे नावदेखील या तडजोडीतून सुटले नाही. टपाल शेगावला जाई, म्हणून १९४० साली सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले.

१९७८ साली इव्हान इलिच या कुटीत बसून गेले आणि तिने दिलेल्या संदेशाविषयी बोलले. तो संदेश खराच आहे. पण तो वाचताना साधेपणाला अगदी थोड्या वस्तू लागतात एवढेच आपल्या ध्यानात राहते. त्याला पुष्कळ माणसांचे सरकून घेणे लागते, हे निसटते. मीराबहेन यांनी आपली जागा दिली नसती, तर ही कुटी ‘बापूंची’ झालीच नसती.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथून निघाले ते परतले नाहीत. त्यानंतर कोणाच्या गरजेसाठी भिंत सरकवण्याचे कारण राहिले नाही. आपण आज जपतो ती या घराची शेवटची अवस्था आहे. ते घर होते, तोवर ते पुरे झालेले नव्हते.