सोडतीच्या तिकिटाचे हिस्सेदार

सोडतीचे एक तिकीट अनेकांनी मिळून घ्यावे, ही कल्पना अर्वाचीन नव्हे. इंग्लंडमध्ये १६९४ च्या सरकारी सोडतीत तिकिटाची किंमत १० पौंड होती. सामान्य मजुरास ती परवडणे अशक्यच होते. पुढे अठराव्या शतकात तिकिटाचे अर्ध्यापासून सोळाव्या भागापर्यंतचे हिस्से विकणारे दलाल उदयास आले. परंतु मूळ तिकीट हाती नसताही हिस्से विकणारे त्यांत निघाले. तेव्हा कायद्याने दलालास परवाना आवश्यक ठरविला. मूळ तिकीट सरकारी कचेरीत ठेवून हिस्स्याच्या कागदावर शिक्का घेणे भाग पडले. १८२६ मध्ये सरकारी सोडतच बंद झाली. तात्पर्य, या धंद्याचे खरे भांडवल संभाव्यतेचे गणित नसून तिकिटाच्या ताब्याविषयीचा विश्वास हे होय. आज इंटरनेटवर असा धंदा काढणाऱ्यासही प्रथम हाच प्रश्न सोडवावा लागेल.