बिसेत्रचा तां

पॅरिसलगतच्या बिसेत्र इस्पितळात एक रुग्ण तब्बल २१ वर्षं राहिला. फिट्स लहानपणापासूनच्या, तिशीत वाचाही गेली. काहीही विचारा, उत्तर एकच : "तां, तां". वॉर्डात त्याचं नावही तेच पडलं. पुढे उजवं अंग लुळं पडलं, पायात गँगरीन झालं आणि एप्रिल १८६१ मध्ये तो शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे आला.

ब्रोकांनी विचारलं, "इथे किती वर्षं झाली?" त्यानं हाताचा पंजा चारदा उघडला, मग एक बोट दाखवलं. एकवीस! दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र आपली परीक्षा चाललीय हे त्यानं ओळखलं आणि चिडून शिवी हासडली. म्हणजे समज शाबूत होती, हिशेब शाबूत होता; हरवलं होतं ते बोलणं.

१७ एप्रिलला तो गेला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र सभेपुढे ठेवला. वाचेला मेंदूत स्वतंत्र जागा आहे का, यावर तिथे त्या काळात कडाक्याचे वाद झडत होते. तांच्या मेंदूतली इजा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात होती.

काही महिन्यांनी ललाँ नावाचे ८४ वर्षांचे गृहस्थ आले. त्यांच्याकडे जेमतेम पाच शब्द. मुलं किती, असं विचारलं की तोंडातून 'तीन' निघे, बोटं मात्र चार वर होत. मुलं खरोखरच चार होती. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतही इजा त्याच भागात सापडली. हाच भाग पुढे 'ब्रोका क्षेत्र' म्हणून ओळखला गेला. १८७४ मध्ये ब्रेस्लाउच्या कार्ल व्हेर्निकेनं याच्या अगदी उलट लक्षणांच्या रुग्णांचं वर्णन केलं : बोलणं ओघवतं, पण अर्थ लागत नाही, दुसऱ्याचं बोलणंही उमगत नाही.

ब्रोकांनी तांचा मेंदू कापला नाही, अख्खा जपला. हा संयम फार मोलाचा ठरला. २००७ मध्ये त्याच मेंदूचा एमआरआय प्रसिद्ध झाला, तेव्हा इजा आतल्या तंतूंपर्यंत खोल गेलेली दिसली. तांची वाचा केवळ पृष्ठभागावरच्या 'ब्रोका क्षेत्रा'ला झालेल्या इजेमुळे गेली, असं आता म्हणता येत नाही.

या माणसाची पूर्ण ओळख मात्र २०१३ पर्यंत अंधारातच होती. चेझारी दोमान्स्की या पोलिश अभ्यासकानं जुनी दप्तरं धुंडाळून ती शोधली : लुई व्हिक्टर लबोर्न्य, जन्म मोरे गावचा, धंदा जोड्यांचे लाकडी साचे घडवण्याचा. मोरेत कातडी कमावण्यासाठी ओकची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या. त्या सालीच्या भुकटीला फ्रेंचमध्ये 'तां' म्हणतात. त्याच्या ओठांवर उरलेला शब्द बालपणीच्या गावातला असावा, असा दोमान्स्कीचा तर्क आहे.