जठरांतील उशिराचा रक्तस्राव

पारनेर तालुक्यांतील माझ्या एका स्नेह्यांच्या जठराच्या अस्तरावरील गांठ दुर्बिणीनें काढण्यांत आली. पोट फाडावें लागलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं गृहस्थ एस. टी. नें घरीं परतले. आठव्या दिवशीं मळ डांबरासारखा काळा झाला. लोहाच्या गोळ्यांनींहि मळ काळा होतो, म्हणून घरच्यांनीं दोन दिवस तसेच दवडले. अखेर ते घेरी येऊन पडले, तेव्हां धांवाधांव झाली. ते वांचले, आणि मी या विषयाचा इतिहास वाचूं लागलों.

१८६८ सालीं जर्मनींत कुस्मौल नांवाच्या वैद्यानें तलवार गिळणाऱ्या एका डोंबाऱ्याच्या जठरांत सरळ नळी घातली. उजेडच अपुरा, दिसणार काय? १९३२ त शिंडलर यानें थोडी लवणारी दुर्बीण सिद्ध केली. १९५७ त हिर्शोविट्झ यानें अमेरिकेंत कांचतंतूंची, हवी तशी वळणारी दुर्बीण वापरली. पुढें जपानी वैद्यांनीं तारेच्या फांसानें गांठी काढल्या, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस अस्तराखालीं द्रव टोंचून, तें उचलून, विजेच्या सुरीनें संबंध पापुद्रा सोलण्याची कला साधली.

खरी अडचण त्यापुढें. सोललेल्या जागीं उघडा व्रण राहतो. तो भरण्यास सुमारें दोन महिने लागतात. हातावरच्या जखमेवर रक्त गोठून खपली धरते. जठरांत मात्र आम्लामुळें रक्त नीट गोठत नाहीं, आणि गोठलेंच तर पाचकरस त्या गुठळीलाहि अन्नासारखें पचवूं लागतो! म्हणून आम्ल आवरणें हा पहिला उपाय. १९७६ त सिमेटिडीन आलें, १९८८ त त्याहून प्रभावी ओमेप्राझोल. या दुसऱ्या वर्गांतील औषधानें अशा व्रणांतील रक्तस्राव अधिक टळतो, असें २००७ त प्रसिद्ध झालेल्या जपानी तुलनेंत दिसलें. दुसरा उपाय, पापुद्रा निघतांच तळाशीं दिसणाऱ्या रक्तवाहिन्या विजेनें डागून बंद करणें.

दुसऱ्या दिवशीं पुनः दुर्बीण घालून पाहण्याचीहि रीत होती. मी मास्तर, फेरतपासणी मला प्रिय. परंतु नेहमींच्या जोखमीच्या रोग्यांत तिनें रक्तस्राव कमी होत नाहीं, असें तुलनेनें ठरलें.

इतकें करूनहि शंभरांत सुमारें पांचांना स्राव होतो. रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेणारांस अधिक. माझे स्नेही हृदयविकारासाठीं तीं घेतच होते. तीं मनानें बंद करणें तितकेंच घातक. थांबवावयाचीं किंवा पुनः चालूं करावयाचीं कधीं, हें दुर्बिणीच्या व हृदयाच्या डॉक्टरांनीं मिळून ठरवावयाचें असतें.

आपल्याच जिल्ह्यांत, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं आरोग्यप्रकल्प उभारला व खेड्यांतल्या बायांना रोगाचीं लक्षणें ओळखावयास शिकविलें. काळा मळ, घेरी, रक्ताची ओकारी, हीं तीन लक्षणें माझ्या स्नेह्यांच्या सुनेनें आतां स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेविलीं आहेत. खालीं रुग्णवाहिकेचा क्रमांक, १०८.